वाटणी

मी मोजणारा माणूस.
विमा कंपनीने धाडलं म्हणून मंगळवारी आलो,
फीत, खडू आणि बोटं उघडी असलेले हातमोजे घेऊन.
ग्लासगोच्या कालव्याकाठची ही वाट
पुलाखाली दोन मीटर दहा,
पुढे जिथे ब्लॅकबेरीची काटेरी फांदी झुकली आहे तिथे
एक मीटर पंचेचाळीस.
दोन माणसं मावतात,
दोघांनाही तसं वाटलं तर.

इश्बेल रँकिन, वय एकसष्ट,
शाळेच्या प्रयोगशाळेतून निवृत्त,
हळू धावत होत्या, मधोमध.
ड्युगल्ड पेटिग्रू, चौतीस, मागून.
तो ओरडला, "उजवीकडून!"
म्हणजे, मी उजवीकडून येतोय.
त्यांनी ऐकलं, उजवीकडे व्हा.
त्या झाल्या.

मनगट दोन ठिकाणी मोडलं, खुब्याला चीर.
प्रश्न एवढाच, की कुणामुळे.

आमच्याकडे गाड्यांना डावं-उजवं आहे,
कालव्यातल्या बोटींनाही आहे,
पायांना नाही.
फक्त एक शेवाळलेली पाटी:
एकमेकांची काळजी घ्या.
वकिलांनी ती तीन आठवडे उलटीपालटी केली.
किती काळजी? किती अंतरावरून?
मागच्याने पुढच्याची,
की पुढच्याने पाठीला डोळे लावून मागच्याची?

त्याचे वकील म्हणाले, इशारा दिला होता.
बाईंचे म्हणाले, ओरडल्याने वाट आपली होत नाही,
पुढचा बाजूला होईतो मागच्याने दम धरायचा असतो.
मग त्याच्याकडे वळून,
"पडल्यावर तुम्ही सॉरी म्हणालात?"
"हो."
"किती वेळा?"
"मोजलं नाही."
त्याच्या वकिलांनी डोळे मिटून घेतले.

पुरावा क्रमांक सहा, त्याच्या मनगटावरचं घड्याळ.
सात वाजून बारा मिनिटांनी
ताशी तेरा पूर्णांक चार किलोमीटर.
एवढंच वाचलं गेलं.
मी सवयीने कागद उलटला.
मागे एक सपाट रेघ,
वेग शून्य, एकेचाळीस मिनिटं.
घड्याळ बंद करायचं राहून गेलं होतं.
नाडी तेवढी खाली येत नव्हती,
बसल्या जागी एकशे अठ्ठावीस.
नोव्हेंबरच्या चिखलात तो तसाच बसून होता,
अंगातलं जॅकेट त्यांच्यावर,
मान हलू नये म्हणून दोन्ही तळवे त्यांच्या कानांशी,
रुग्णवाहिकेला पुलावरून उतरायची वाट सापडेतो.

याबद्दल कुणी विचारलं नाही.
इश्बेलबाई आपण होऊन म्हणाल्या,
"त्याचेच हात कापत होते.
मग मी त्याला मोरचुदाचे खडे कसे वाढवतात ते सांगितलं,
दोऱ्याला एक कण बांधायचा आणि
भांड्याला धक्का लावायचा नाही."
शेरीफ, म्हणजे आमच्याकडचे न्यायाधीश,
चष्म्यावरून बघत म्हणाले,
"याचा प्रकरणाशी संबंध नाही."
पण लिहून घेणाऱ्याला खोडायला सांगितलं नाही.

सत्तर-तीस.
सत्तर टक्के दोष त्याचा,
तीस बाईंचा, न बघता वळल्याबद्दल.
रकमेतून तीस वजा करून
धनादेशाचा कागद मीच भरला.
वाटणीत एकेचाळीस मिनिटं
कुणाच्या वाट्याला आली
ते लिहायला रकाना नव्हता.

काम संपलं होतं. तरी रविवारी
त्या पुलाखालून चालत गेलो.
खडूची खूण पुसली गेली होती.
मागून पावलं आली, जवळ.
कुणी काही ओरडलं नाही
आणि मला डावं सुचेना, उजवं सुचेना.
फांदीला पाठ लावून थांबलो. काटे टोचले.
पावलंही थांबली.
"व्हा तुम्ही पुढे."
"नाही, तुम्ही," एक मुलगी, धापा टाकत, हसत.

तेवढ्यापुरती वाट रुंद झाली की काय,
सांगता येणार नाही.
फीत घरी होती.